दुखवट्याचं पिठलं

कौसल्याने आयुष्यात लहानमोठ्या थापा बऱ्याच मारल्या होत्या, पण थापेत कुणाचा जीव घेतला नव्हता. तो तिने त्या शुक्रवारी संध्याकाळी घेतला, भाजी निवडता निवडता.

"आत्याबाई, विशाखाची आई गेली," ती सासूला, लंकाबाईंना, म्हणाली. "रविवारी त्यांच्या बौद्ध रीतीप्रमाणे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. दिवसभर जावं लागेल."

१९८३ सालचा जानेवारी होता. त्या रविवारी दिंडोरीहून कौसल्याची नणंद, तिचे यजमान आणि सासरची चार माणसं जेवायला यायची होती. आणि नेमका त्याच रविवारी गंगापूर रोडवरच्या एका शाळेत विज्ञानकथा वाचणाऱ्यांचा मेळावा ठरला होता. नाशकात असं काही पहिल्यांदाच होत होतं. कौसल्या, विशाखा आणि बेबी गायधनी तिघी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायच्या. रात्रपाळीला कॉल कमी असले की एकच दिवाळी अंक तिघींत फिरायचा आणि परग्रहावरची माणसं, गोठवून ठेवलेले म्हातारे, बोलणारी यंत्रं यांच्यावर कुजबुजत वाद चालायचे. मेळाव्याला जायचंच, हे तिघींनी दिवाळीतच ठरवून टाकलं होतं. त्यातून विशाखाची स्वतःची कथा वाचनासाठी निवडली गेली होती.

पण घरी सांगायचं काय? ड्यूटी म्हणावी, तर सुनेच्या सुट्टीचे वार लंकाबाईंना पाठ. नवरा अंबडच्या कारखान्यातून थकून यायचा; त्याला विचारलं असतं तर हसून "आईला विचार" म्हणाला असता. नणंदेच्या पाहुण्यांपुढे टिकेल असं कारण एकच होतं. एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून रोज कुणाची ना कुणाची आई, कुणाचा भाऊ गेल्याची बातमी ती जोडून द्यायची. "सीरियस आहे, लवकर लावा हो ताई," असं पलीकडून कुणी रडवेलं होऊन म्हणायचं. मरणाचे शब्द तिच्या ओठांवर रोजचेच झाले होते. ते सहज बाहेर पडले.

विशाखाचीच आई का, याचा विचार तिने केला नाही. विशाखा नाशिक रोडला राहते, लांब आहे, एवढंच तिने स्वतःला सांगितलं.

लंकाबाईंच्या हातातली मेथीची जुडी खाली आली. "आरारा," त्या म्हणाल्या. "ती उंच पोर ना गं, चष्मेवाली? तिची आई? काय झालं व्हतं?"

"हार्ट," कौसल्या म्हणाली. एक थाप मारली की दुसरी मारावीच लागते.

रविवारी सकाळी ती आवरून मागच्या पडवीत आली, तर लंकाबाई चुलीपुढे बसलेल्या. गॅस होता घरात, पण भाकरी त्या अजून इथल्या चुलीवरच करायच्या. शेजारी पितळी डबा. डोळ्यांना पदर लावला होता. कौसल्याला वाटलं, धूर झाला असेल.

"ह्यो डबा ने," लंकाबाई म्हणाल्या. "पिठलं-भाकरी हाय. फोडणी नाय घातली. दुखवट्याच्या घरची चूल पेटत नसती."

"आत्याबाई, त्यांच्यात तसं नसतं."

"नसू दे. त्यांच्यात करत्यात का नाय मला ठाव नाय, पण भूक तर समद्यांना लागती ना? मरणात कसली आलीय जातपात." त्यांनी नाक पुसलं. "माझी आय गेली तवा मी पाळण्यात व्हते. कोणी शेजारणीनं दूध पाजलं, कोणत्या जातीची व्हती कोणाला ठाव. जा तू. पाव्हण्यांचं मी बघते."

कौसल्याने डबा पिशवीत ठेवला. तो गरम होता आणि बसमध्ये सगळा वेळ मांडीला लागत होता. वाटेत कुणा भिकाऱ्याला देऊन टाकावा, असं तिच्या मनात दोनदा आलं. पण लंकाबाईंनी थापलेली भाकरी अशी टाकून देणं तिला जमेना.

शाळेच्या फाटकावर दोन पराती एकमेकींवर पालथ्या बांधून उडती तबकडी टांगली होती. थर्मोकोलचा चंद्र वाऱ्याने सारखा भिंतीकडे तोंड फिरवत होता. सभागृहात दीडेकशे माणसं असतील. कॉलेजची पोरं, बँकेतले कारकून, निवृत्त मास्तर. बायका मोजक्याच. आणि त्यांच्यात बिस्किटांचे पत्र्याचे डबे अंगावर बांधून, डोक्यात चाळणी अडकवून बेबी उभी होती.

"मी यंत्रमानव आहे," ती कडक आवाजात म्हणाली. "लग्न कधी करणार असं मला विचारू नये. ती तार माझ्यात बसवलेली नाही."

कौसल्या हसली. खरं हसू आलं तिला, सकाळपासूनचं पहिलं. तेवढ्यात मागून विशाखाचा आवाज आला, "कौसल्ये, बघ मी कुणाला आणलंय!"

कौसल्या वळली. विशाखाचा हात धरून तिची आई उभी होती. भिमाबाई. पांढरं स्वच्छ पातळ, डोक्यावरून पदर, आणि पायांत नवी चप्पल, जी चालताना कचकच वाजत होती. नवऱ्यामागे शाळेत शिपायाची नोकरी करून त्यांनी विशाखाला मॅट्रिक केलं होतं.

"अगं बाय, अशी काय बघती?" भिमाबाई म्हणाल्या. "भूत बघितल्यावानी?"

"नाही मावशी... तुम्ही याल असं वाटलं नव्हतं."

"पोरगी म्हणली, तुझ्यामुळं गोष्ट सुचली, तूच ऐकायला पायजे. मला काय कळतंय त्यातलं? ही येऊन सांगायची, आई, माणसं चंद्रावर राह्यला गेली. मी इचारायची, तिथला केर कोण काढतं?"

"बघा!" बेबीचे डबे खणखणले. "इतकी वर्षं वाचतोय आपण, कुणाला सुचलं का?"

सगळ्या हसल्या. कौसल्या मात्र पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. पहिलं भाषण काळातून मागे जाणाऱ्या यंत्रावर होतं. बोलणारे प्राध्यापक फळ्यावर रेघा काढत होते. कौसल्याच्या कानावर त्यातलं काही पडत नव्हतं. ती पुढच्या रांगेतल्या भिमाबाईंच्या मानेकडे पाहत होती. मानेवर घामाचे बारीक थेंब होते. मध्येच त्या खोकल्या, तर कौसल्या दचकली. आपण 'हार्ट' म्हणालो होतो, आणि आता खरंच काही झालं तर? लहानपणी आई म्हणायची तशी वास्तू तथास्तु म्हणाली असेल तर?

जेवायच्या सुट्टीत चौघी बाहेर कडुनिंबाखाली बसल्या. विशाखाने मटकीची उसळ आणली होती, बेबीने लोणचं आणि साखरभात. कौसल्या आपली पिशवी मागे सरकवत होती, पण बेबीने ती ओढलीच.

"लपवतेस काय? काय आणलंय सुनबाईंनी?" तिने डबा उघडला. "पिठलं-भाकरी! अगं, मयताच्या घरी न्यायचा डबा उचलून आणलास की काय?"

विशाखा हसली. "गप गं बेबे. कुणी केलंय हे?"

"आत्याबाईंनी," कौसल्या म्हणाली. दुसरं काही सुचलं नाही.

विशाखाचा हात थांबला. "तुझ्या सासूबाईंनी? मी येणार आहे हे त्यांना माहीत आहे?"

"हो."

"आणि तरी करून दिलं?"

कौसल्याने मान हलवली. भिमाबाईंनी तोवर भाकरी मोडली होती. पिठल्यात बुडवून पहिला घास त्यांनी तोंडात घातला, आणि कौसल्याने खाली पाहिलं. ज्या बाईच्या दुखवट्यासाठी ते रांधलं होतं, तीच ते जेवत होती, सावकाश, चवीने.

"फोडणी नाय तरी लय गोड झालंय," भिमाबाई म्हणाल्या. "चुलीवरची भाकर हाय ही. सकाळी उठून कुणी केली आमच्यासाठी?" त्या लेकीकडे वळल्या. "बघ, तू म्हणायचीस ती म्हातारी लय कडक हाय. माणूस बदलतं गं."

विशाखाने चष्मा काढून पदराने पुसला. मग तिनेही त्याच भाकरीचा तुकडा घेतला. कौसल्याला तिच्या तोंडावरचा आनंद बघवेना. ओरडली असती, भांडली असती तर बरं, असं तिला झालं.

"मी जाणार त्यांना भेटायला," भिमाबाई म्हणाल्या. "आजच. डबा घासून माझ्या हातानं देते."

दुपारी विशाखाने कथा वाचली. चंद्रावरच्या वस्तीत एकाहून एक हुशार माणसं राहायला जातात. सगळं बरोबर नेतात, फक्त केर काढणारं कुणी नेत नाहीत. धूळ साचत जाते, यंत्रं अडतात, आणि आज पाळी कुणाची यावर शास्त्रज्ञ भांडत बसतात. लोक आधी खो खो हसले. शेवटी शेवटी हसणं थांबलं. विशाखाचा आवाज एकदाही कापला नाही. टाळ्या पडल्या तेव्हा भिमाबाईंनी वळून कौसल्याचा हात घट्ट दाबला. त्या हाताचा खरखरीत ऊबदार स्पर्श कौसल्याला सहन झाला नाही. ती उठून बाहेर आली.

विशाखा तिला शोधत नळापाशी आली. "काय झालं? आवडली नाही का?"

"विशाखा, तुझ्या आईला आमच्या घरी आणू नकोस."

"का? पाहुणे आहेत म्हणून?"

मग कौसल्याने सांगितलं. सगळं सांगितलं, शुक्रवारची भाजी, हार्ट, डबा. विशाखा ऐकत राहिली. एकदा तिच्या ओठांवर हसू येईलसं वाटलं. तिलाही क्षणभर ते विनोदीच वाटलं असावं. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"माझीच आई का गं?"

"म्हणजे?"

"बेबीलाही आई आहे. बेबीची आई का नाही मारलीस?"

उत्तर कौसल्याला त्याच क्षणी कळलं, आणि तिच्या आधी विशाखाला कळलं होतं. बेबीच्या घरी लंकाबाई दुसऱ्याच दिवशी भेटायला गेल्या असत्या. थाप उघडी पडली असती.

"आमच्या दारात त्या पाऊल टाकणार नाहीत, याची तुला खात्री होती," विशाखा म्हणाली. "तुमच्याकडे मला काचेच्या पेल्यात चहा मिळतो, आणि तुम्ही सगळे कपबशीत पिता. मला दिसत नाही असं वाटतं का तुला? मी कधी बोलले नाही. म्हटलं, म्हातारं माणूस आहे, कौसल्या तशी नाही." तिने नळ सोडला, उगीचच, आणि बंद केला. "त्यांनी तर भाकऱ्या थापल्या, कौसल्ये. त्यांना वाटलं की जावं आपलं अन्न आमच्या घरी. तू मात्र त्यांच्या पेल्याचा उपयोग करून घेतलास."

"चुकलं माझं."

"हो," विशाखा म्हणाली. तेवढंच.

भिमाबाई डबा घेऊन येताना दिसल्या. नळावर त्यांनी तो मातीने घासला, लख्ख केला. "चला, कुठली बस धरायची?"

"आई, आज नको," विशाखा म्हणाली. "त्यांच्याकडे दिंडोरीचे पाहुणे आलेत. गडबड असेल."

"मग पुढच्या आईतवारी येते. चालंल ना गं बाय?"

त्यांनी कौसल्याकडे पाहिलं. विशाखाने पाहिलं नाही. कौसल्या त्यांनी दिलेला डबा घेऊन उभी राहिली. हो म्हणण्याचा तिला हक्क नव्हता आणि नाही म्हणायला तोंड नव्हतं. फाटकाबाहेर नाशिक रोडची बस आली. खिडकीतून भिमाबाईंनी हात हलवला. बेबीने अंगावरचे डबे सोडता सोडता विचारलं, "तुमचं काही बिनसलं का?" कौसल्या तिच्या पाठीमागच्या गाठी सोडू लागली.

घरी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. आतून नणंदेच्या हसण्याचा आवाज येत होता, ओसरीवर द्राक्षांची पाटी ठेवली होती. लंकाबाई बाहेरच बादली घेऊन उभ्या होत्या. मयताच्या घरून आलेल्या माणसाने अंगावर पाणी घेतल्याशिवाय आत यायचं नसतं.

"मागच्या न्हाणीत जा, पाणी ऊन हाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लय रडली का गं ती पोर?"

इथे 'हो' म्हणून सुटता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. बसमध्ये चढताना विशाखाचे डोळे ओले होते.

"आत्याबाई, पाणी नको. विशाखाची आई, भिमाबाई, जित्या आहेत. काही झालं नाही त्यांना. मी खोटं बोलले. मला मेळाव्याला जायचं होतं." तिने श्वास घेतला. "तुमचं पिठलं त्यांनीच खाल्लं. गोड झालं म्हणाल्या."

लंकाबाईंना आधी समजेचना. "म्हंजे बाई हाय? हाय ना?" त्यांनी दोनदा विचारलं, आणि 'हो' ऐकल्यावर त्यांचा हात छातीवर गेला. "देवा. बरं झालं." त्यांना खरंच बरं वाटलेलं पाहून कौसल्याला रडू फुटलं.

मग लंकाबाईंचा चेहरा उतरला. "सकाळी मी तिच्यासाठी रडले गं. चुलीपुढं बसून. तू मागं उभी व्हतीस."

"हो."

"आन तू बघितलंस."

"धूर असेल असं वाटलं," कौसल्या म्हणाली, आणि म्हणताच तिची तिलाच लाज वाटली.

आतून नणंदेने हाक मारली, "वैनी आली का?"

"त्या पुढच्या रविवारी येणार म्हणतात," कौसल्या म्हणाली. "तुम्हाला भेटायला. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आल्या तर चहा मी करेन. सगळ्यांना कपबशीतच देईन."

लंकाबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. राग होता, पण त्याच्या खाली दुसरंही काहीतरी होतं. आपल्याच हाताने लपवलेली वस्तू कुणी बाहेर काढून ठेवावी तसं. वाकून त्यांनी भरलेली बादली उचलली. कौसल्या धरायला पुढे झाली, तर त्यांनी कोपराने तिला बाजूला केलं आणि एकट्याच ती न्हाणीकडे घेऊन गेल्या. पाणी हिंदकळून त्यांच्या पायांवर सांडत होतं.

आत ये, असं त्या म्हणाल्या नाहीत. कौसल्याही आपणहून गेली नाही. पाहुण्यांची रात्रीची ताटं वाढायची होती, पण ती पायरीवरच बसून राहिली, आतून कुणीतरी बोलावण्याची वाट पाहत.