हॉटडॉगचे तज्ज्ञ काय म्हणतात
“पण हे तज्ज्ञ फोनवर का येत नाहीत?”

“त्यांना ऐकू कमी येतं हो,” पलीकडून खवय्या म्हणाला. “आणि हॉटडॉगवरच्या लेखाला कसली आलीय साक्ष? कोर्ट आहे का हे?”

उपसंपादिकेनं फोन ठेवला, पण मनात पाल चुकचुकतच राहिली. रविवारच्या पुरवणीतलं खवय्याचं सदर लोक आवडीनं वाचत. सॉसेजचा विषय निघाला की त्यात हेच एक तज्ज्ञ नावानिशी हजर. सॉसेजच्या कारखान्यातले निवृत्त कारागीर. फोटो नाही, पत्ता नाही, आणि खवय्याशी मतभेद तर कधीच नाही.

ऑफिसात तिला ‘चाळणी’ म्हणत. दुधाची पिशवीसुद्धा ती हुंगल्याशिवाय घरात घेत नसे. “सूर्य उगवला म्हटलं तरी हिला दुसरा साक्षीदार लागतो,” असं नवरा चारचौघांत सांगे. पण या वेळी तिची भीती खरी होती. आरोग्याच्या पानावर छापलेले एक डॉक्टर मुळात अस्तित्वातच नव्हते, असं नुकतंच उघड झालं होतं. पेपरला माफी मागावी लागली होती. पुन्हा असं घडलं तर सदर बंद, असं संपादकांनी बजावलं होतं.

दुपारी ती थेट कारखान्यावर गेली. बाहेरच्या विक्रीच्या खिडकीत एक बाई सॉसेज तोलत होती. कारागिराचं नाव ऐकताच तिचा हात थांबला.

“ते? ते तर मागच्या हिवाळ्यात गेले. भला माणूस होता.”

“नक्की तेच?”

“अहो, मी स्वतः गेले होते पोचवायला.”

परतताना चाळणीला चोर पकडल्याचा आनंद लपवता येईना. येत्या रविवारी छापायच्या लेखातलं वाक्य तिला पाठ होतं. ‘तज्ज्ञ म्हणतात, चौकातला नवा गाडीवाला सॉसेज उकळताना घाई करतो.’ ती गाडी तर आत्ता उन्हाळ्यात लागली होती!

तिनं खवय्याला बोलावून घेतलं. तो आला तो हसतच, गळ्यात रेशमी रुमाल. तिनं लेखाची प्रिंट त्याच्यापुढे सरकवली.

“मेलेला माणूस चौकात जाऊन हॉटडॉग खातो?”

खवय्याचं हसू विरलं. तो खुर्चीत बसला, रुमालाची गाठ उगाच सैल केली. आता हा कुठली थाप मारतो, याची ती वाट पाहू लागली.

“पहिल्या लेखात मी काहीबाही लिहिलं होतं,” तो म्हणाला. “तो कारागीर पेपर घेऊन भांडायला आला. हात धरून मला एका हॉटडॉगच्या गाडीवर नेलं. म्हणाला, आधी आवाज ऐक. दात लागताच सॉसेजचं आवरण तटकन् तुटलं पाहिजे. चव नंतर. तेव्हापासून आम्ही बरोबरच खायचो.”

“आणि आता?”

“आता मी खातो. पण आतून बोलतो तोच. मग माझ्या नावावर कसं खपवू? ती चोरी झाली.”

“आणि त्यांच्या नावावर खपवलंत ते खोटं झालं.”

त्यानं मान खाली घातली. “मग बंद करा सदर. त्याचं नाव काढून मी लिहिणार नाही.”

ती त्याच्याकडे रोखून बघत राहिली. याच्या डोळ्यांतलं पाणी तरी खरं की तेही लेखासारखंच? तिला ठरवता येईना. शेवटी तिनं पेन उचललं. नव्या गाडीच्या वाक्यातलं ‘तज्ज्ञ म्हणतात’ खोडून ‘मला वाटतं’ केलं. लेखात पुढे आलेलं आवरणाचं वाक्य कारागिराच्याच नावावर ठेवलं, फक्त ‘म्हणतात’चं ‘म्हणत’ केलं. आणि नावाआधी लिहिलं, ‘कै.’

“बघा, पटतंय का.”

खवय्याचं बोट त्या एका अक्षरावर अडलं.

“हे छापायलाच हवं?”

“हो.”

“मग एकदा मला जुनं वाचू द्या.”

त्यानं चष्मा लावला आणि खोडलेल्या शब्दांसकट तो परिच्छेद हलक्या आवाजात वाचला. तज्ज्ञ म्हणतात, तज्ज्ञ म्हणतात. चाळणीनं मध्ये हटकलं नाही. वाचून झाल्यावर त्यानं कागद सरळ केला आणि छपाईसाठी तिच्या हातात दिला.