त्यांनी म्हणजे कोणी?

हिंमतरावांच्या लेकीला, भाग्यश्रीला, पहिली मुलगी झाली ते साल २००५. नातीला पाहायला हिंमतराव दवाखान्यात गेले आणि त्याच दुपारी खराडीतल्या त्यांच्या दुकानात लूट झाली. दुकानात त्यांच्या पत्नी दुर्गाबाई एकट्या होत्या.

दोघंही मूळचे अकोल्याकडचे. हिंमतराव पुण्यात कारखान्यात होते. कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती दिली, तेव्हा खराडीत नव्या आयटी कंपन्यांच्या रस्त्यावर त्यांनी झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्जचं दुकान टाकलं. त्या दुपारी मोटारसायकलवरून दोन मुलं आली. एकाने दुर्गाबाईंच्या गळ्याशी ऊसतोडीचा कोयता धरला आणि मंगळसूत्र ओढलं. दुसऱ्याने गल्ला उचलला. आठ दिवसांत दोघे पकडले गेले. दोघेही लोणी काळभोरचे. कोयता धरणारा यज्ञेश्वर वीस वर्षांचा, गल्ला उचलणारा सोनू एकोणीसचा. दोघांवर याआधी एकही गुन्हा नव्हता.

आता घोटाळा कुठे झाला ते सांगायला हवं.

दुर्गाबाई पुण्यात नव्या होत्या तेव्हा एकदा सहज म्हणाल्या, "शिकवणीचा सर आला." शेजारीण लगेच म्हणाली, "अहो वहिनी, सर 'येतात'. 'येतो' तो भाजीवाला." दुर्गाबाईंना ते फार लागलं. त्या दिवसापासून त्या सगळ्यांनाच मान देऊ लागल्या. त्यांच्या तोंडी सर येत, भाजीवाले येत आणि कचरा नेणारेही येत. त्यामुळे पोलिसांपुढेही त्या म्हणाल्या, "त्यांनी कोयता काढला." बोलत होत्या त्या एकट्या यज्ञेश्वरबद्दल. हवालदाराने मात्र लिहिलं, 'त्या दोघांनी कोयते काढले.' लुटारूला कोणी अहोजाहो करील हे त्याच्या मनातही आलं नसेल!

वर्षभराने खटला उभा राहिला. सरकारी वकिलांनी जबाब वाचून दाखवला, तेव्हा दुर्गाबाई चमकल्या. घरी येऊन म्हणाल्या, "अहो, त्या दुसऱ्या मुलाच्या हाती काहीच नव्हतं. हे चुकीचं लिहिलंय."

हिंमतराव भडकले. "राहू दे तसंच! संगं आले, संगं पळाले. दोघंही सारखेच. मी घरी नव्हतो म्हणून तुह्या गळ्याले कोयता लागला. मले झोप येत नाही वर्षभर, अन् तू त्याले वाचवाले निघाली?"

त्यांच्याच इमारतीत तात्याराव राहत. परिवीक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. पहिल्यांदा चुकलेल्या माणसाला कोर्ट कधी कधी तुरुंगात न पाठवता बाँडवर सोडतं. त्याच्यावर देखरेख ठेवायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. दुर्गाबाईंनी त्यांना बोलावलं.

तात्याराव म्हणाले, "हत्यार वापरून लुटलं असेल तर सात वर्षांच्या खाली शिक्षा देता येत नाही. न्यायाधीशांची इच्छा असली तरी नाही. पण ही सक्ती हत्यार वापरणाऱ्यापुरती. तुमच्या जबाबातल्या त्या 'दोघांनी'मुळे सोनूही त्यात जाईल."

"जाऊ द्या की!" हिंमतराव मध्येच म्हणाले. " तुमच्या घरी चोरी झाली असती म्हणजे समजलं असतं."

"झाली होती. माझी सायकल नेणारा मुलगा पुढे माझ्याच देखरेखीखाली आला. दर महिन्याला मला विचारायचा, 'साहेब, चालत आलात?'"

दुर्गाबाईंना हसू आलं. हिंमतराव हसले नाहीत.

"शिक्षा नको असं मी म्हणत नाही," तात्याराव पुढे म्हणाले. "सोनूने लूट केली, त्याची शिक्षा त्याला व्हावी. पण न धरलेल्या कोयत्याची का? एकोणीस वर्षांचा मुलगा सात वर्षं आत राहतो. तिथे त्याला शिकवायला आपण नसतो, मुरलेले गुन्हेगार असतात. बाहेर येतो तेव्हा आपल्याच रस्त्यावर येतो."

"अन् तो कोयतेवाला? तोही पोरगाच आहे, तोही पहिल्यांदाच चुकला. त्याची नाही दया आली तुम्हाले?"

"येते. सात वर्षं मला त्यालाही जड वाटतात. पण ते कायद्यात लिहिलेलं आहे, तुमच्या-माझ्या हातात नाही. दुर्गाबाईंच्या हातात एकच आहे. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगणं."

हिंमतराव उठून आत गेले. दुर्गाबाईंशी बोलणंच त्यांनी बंद केलं.

साक्षीच्या दिवशी सरकारी वकिलांनी विचारलं, "त्यांनी कोयता काढला, असं तुम्ही आत्ता सांगितलंत. जबाबाप्रमाणे त्यांनी म्हणजे या दोघांनी, बरोबर?"

दुर्गाबाईंनी मागे बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली.

न्यायाधीश म्हणाले, "बाई, घाबरू नका. कोयता कोणी काढला?"

इतक्या वर्षांची कमावलेली पुणेरी भाषा त्या क्षणी दुर्गाबाईंच्या तोंडून पार गेली! यज्ञेश्वरकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "यानं काढला, साहेब. एकट्यानं. त्या दुसऱ्यानं गल्ला नेला, पण त्याच्या हातात काई नव्हतं. मी सगळ्याइलेच 'त्यांनी' म्हणतो, म्हणून तसं लिहिल्या गेलं."

निकाल लागला. सोनू लुटीत दोषी ठरला, पण त्याचं वय, वर्षभराची कोठडी आणि परिवीक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल पाहून कोर्टाने त्याला तीन वर्षांच्या चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडलं. यज्ञेश्वरला सात वर्षांची सक्तमजुरी झाली.

यज्ञेश्वरला बाहेर नेत होते. हिंमतराव दाराशीच उभे होते. त्या मुलाने हात धरलेल्या पोलिसाला विचारलं, "सात वर्स म्हंजी, मंग दिवाळीला घरी सोडत्यात का?"

पोलिसाने त्याला पुढे नेलं. हिंमतरावांना हीच सात वर्षांची शिक्षा हवी होती. ती समोर आली आणि त्यांना तिथे उभं राहवेना! रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, "दुर्गे, तू बोलली ते बरं झालं. नाही तर दिवाळीचं दोघांनी विचारलं असतं."

वाचकहो, लुटलं गेलेल्या माणसाचा राग खोटा नसतो. दुर्गाबाईंना पुढेही कित्येक दिवस मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला की धडकी भरे. गुन्ह्याला शिक्षा हवीच. पण ती ज्याने जेवढं केलं तेवढ्याची हवी, आपल्या रागाएवढी नको. आपण साक्षीला उभे राहतो, नाहीतर नुसते पारावर आणि ऑफिसात बोलतो, तेव्हा 'त्या सगळ्या पोरांना आत टाका' असं सहज म्हणून जातो. त्या सगळ्यांत कोणी काय केलं, एवढं तरी आधी विचारावं. आणि विशीत पहिल्यांदा चुकलेल्याला माघारी यायला वाट ठेवावी. तो माघारी येणार आहे तो आपल्यातच.

सोनूने तीन वर्षं नेमाने हजेरी दिली. आज तो लोणीला ट्रॅक्टर दुरुस्त करतो, त्याला दोन मुली आहेत.

यज्ञेश्वर २००९ सालच्या श्रावणात, शिक्षा भोगत असताना, काविळीने वारला. तो चोवीस वर्षांचा होता.