भरल्या गाडीची चेन

हिरासिंगाच्या तीनचाकीला तांड्यात कुणी गाडी म्हणत नसे. ती पुढून फटफटी होती, मागून बैलगाडी, आणि मधून काय होती ते हिरासिंगालाही सांगता आलं नसतं. जुन्या फटफटीचं इंजिन, भंगारातल्या जीपचा मागचा आस, त्याखाली वजनाने दबणारे कमानदार लोखंडी पाटे आणि वर बाभळीच्या फळ्या. इंजिनाची ओढ मागच्या चाकांपर्यंत न्यायला एक लांबलचक चेन. डांबरी रस्त्यावर तिला कुणी उभं केलं नसतं, पण काळ्या रानातून, नाल्याच्या गोट्यांतून ती रेड्यासारखी चालायची. अर्थात, चेन टिकली तर.

चेन टिकत नव्हती. दिवाळीपासून दोन तुटल्या, दोन्ही नाल्याच्या चढावर, आणि दोन्ही वेळा कापूस चिखलात गेला. हिरासिंगाने दोन्ही वेळा दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली. तिसरी चेन त्याचा मुलगा बादल पुसदहून घेऊन आला, तो सांगतच आला.

"बा, हे शेवटची. आज भरली गाडी चढली तं राहतो. नाही तं उद्या सकाळी मुकादमाच्या ट्रकात बसतो, शीला अन् जमनीले घेऊन."

बादलची बायको शीला आत बोचकं बांधत होती. तिने गाठ मारता मारता ते ऐकलं. कापसाचा भाव पडलेला, पावसानेही दगा दिलेला, अर्ध्या तांड्याच्या दारांना कुलपं लागून माणसं ऊसतोडीला गेलेली. गाडी चढली असती तर नाल्यापलीकडच्या सगळ्या शेतांचा कापूस सडकेपर्यंत आणायचं काम हंगामभर घरात राहणार होतं, कारण बैल आता फारसे कुणाकडे उरलेच नव्हते. आणि गाडी चढली नाही, तर लेकीची, जमनीची शाळा सुटणार होती. शीला स्वतः दुसरीत असताना अशीच ट्रकात बसली होती. परत आली तेव्हा वर्गातल्या पोरी पुढे गेल्या होत्या, आणि ती मग कधी शाळेत गेलीच नाही. तिला भीती वाटत होती, आणि रागही येत होता, आणि दोन्ही ती गाठीवर काढत होती.

अंगणात हिरासिंगाने चेन रॉकेलात बुचकळून धुतली, तेल पाजलं, दोन्ही दातेरी चक्रांवरून फिरवली आणि कडी बसवली. मग मागचा आस ओढून चेन ताणली आणि पान्याने त्याचे बोल्ट आवळायला घेतले. आवळता आवळता त्याचं तोंड सुरू झालं. काम आणि गोष्ट ही त्याच्याकडे एकाच वेळी चालत.

"माह्या आजानं लदेणीच्या बैलावर कधी ढिला दोर बांधला नाही. मीठ घेऊन कुठून कुठं जाये! एक गोणी नाही पडली."

"ऐकलं," शीलाची सासू हंसाबाई ज्वारी पाखडत म्हणाली. "लग्नापासून ऐकून राह्यली."

"मंग अजून ऐक. बैलाच्या पाठीवर आधी गोणी टाके, बैलाले उभं राहू दे, अन् मंग पोटाचा दोर आवळे. रिकाम्या पाठीवर आवळला अन् मंग वझं टाकलं, तं बैलाचा दम कोंडते."

त्याने चेनीवर पान्याची टिचकी मारली. चेन टणकन वाजली. हिरासिंग खूष झाला.

दाराआड शीलाचा हात थांबला. ही गोष्ट तिनेही शंभरदा ऐकली होती, पण गोष्टीतला बैल आणि अंगणातली गाडी तिच्या डोक्यात आज पहिल्यांदाच शेजारी उभे राहिले. पण सांगायचं कसं? सून सासऱ्याशी बोलत नाही, ही त्या घरची रीत. घुंगटातून जे काही जायचं ते सासूमार्फत.

"याडी," ती हळूच म्हणाली, "बापूले विचारा, चेन रिकाम्या गाडीत कधी तुटली का?"

"काहो, सून विचारते, चेन रिकाम्या गाडीत कधी तुटली का?"

"नाही. कायले?"

"याडी, म्हणा, मंग दोर रिकाम्या पाठीवर काहून आवळून राह्यले?"

हंसाबाईने ते जसंच्या तसं पोचवलं, वर आपलं थोडं मीठ लावून. हिरासिंग भडकला. "गाडी बैल हाय का? लोखंडाले दम असते का?"

सूप थांबलं. हंसाबाई उठली, पदर खोचला आणि सरळ गाडीत जाऊन बसली. शेजारची रुपीबाई कशाला आली होती कोण जाणे, तिलाही तिने ओढून घेतलं. रुपीबाईमागून आणखी बाया आल्या, हसत, एकमेकींना ढकलत. इतक्या वजनाने कमानदार पाटे चपटे होऊन लांबले आणि आस मागे सरकला. हिरासिंगाने वाकून चेनीला बोट लावलं. ती तारेसारखी ताठली होती. बोटभरही हलेना.

तो तसाच वाकून राहिला. दुकानदाराला दिलेल्या सगळ्या शिव्या त्याला आठवल्या असाव्यात, कारण कान लाल झाले होते.

"कोणी उतरू नका," तो शेवटी म्हणाला. बोल्ट ढिले केले, आस पुढे घेतला. मग मान वर न करता, हंसाबाईकडे न बघता, दाराकडे तोंड करून म्हणाला, "बेटा, इकडं ये. पाह्य बरं, इतकी ढील पुरे का?"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. शीला बाहेर आली. चेन बोटाने वर उचलून पाहिली.

"अजून थोडी सोडा, बापू."

त्याने सोडली. बाया उतरल्या तशी चेन खाली लोंबली. बादल हसला. "हे तं चक्रावरून उतरून जाईन."

"भरल्यावर बोल," हिरासिंग म्हणाला.

नाल्यापलीकडच्या उत्तमसिंगाच्या शेतातला कापूस भरायला सगळे नाल्याकडे गेले. शीला गेली नाही. तिच्याने बघवलं नसतं. ती चुलीपाशी बसून आवाज ऐकत राहिली. इंजिन नाल्यात उतरलं, गोट्यांवर खडखडलं, मग चढाला लागून घोगरं झालं. जिथे मागे दोनदा खाडकन आवाज होऊन शिव्या ऐकू आल्या होत्या, तिथे ते आलं. तिने ओठ दाबून धरले. इंजिन कण्हलं, अडलं, पुन्हा कण्हलं, आणि मग त्याचा आवाज मोकळा होत सडकेकडे गेला. शीलाने पदराने डोळे पुसले आणि उठली.

दिवस मावळायच्या आत हिरासिंग परत आला. हात कोपरापर्यंत काळे, डोक्यात कापूस. दारातच उभा राहून, हंसाबाई समोर असताना, त्याने सरळ सुनेला हाक मारली.

"बेटा, बादल मुकादमाले नाही म्हणायले गेला. बोचकं सोड."

"मंगाशीच सोडलं, बापू," शीला आतून म्हणाली. "तवा त्याच्यातच होता. हात धुवा, भाकर टाकून राह्यली."