दुसऱ्या टेबलाचं आकाश

आमच्या कारखान्यात जपानी निसर्गचित्रं होतात. लाकडी ठशांवरून छापलेली जुनी चित्रं असतात ना, पुलावरचा पाऊस, बर्फातलं देऊळ, समुद्रापलीकडचा डोंगर, त्यांच्या हातानं रंगवलेल्या नकला. एका रांगेत चार टेबलं. पहिल्यावर काचेखाली दिवा लावून रेघा गिरवतात, दुसऱ्यावर आकाश आणि पाणी, तिसऱ्यावर डोंगर आणि झाडं, चौथ्यावर मी. छत्र्या घेतलेली माणसं, होड्या आणि कोपऱ्यातला लाल शिक्का माझ्याकडे.

दुसरं टेबल माझ्या थोरल्या जावेचं. एकोणीस वर्षं झाली. त्या चित्रांत आकाश वरच्या कडेला गडद निळं असतं आणि खाली येता येता विरून जातं. जाऊबाई ते रुंद ओल्या ब्रशच्या एकाच ओढीत उतरवायच्या. दुसरी ओढ मारली की कागद डाग धरतो. मीही कितीदा करून पाहिलं. माझं आकाश घाम फुटल्यासारखं दिसायचं.

गेल्या तीन-चार वर्षांत त्यांचं निळं गडद होत चाललं होतं. सगळ्यांनाच दिसत होतं. तिसऱ्या टेबलवालीला आम्ही चिमटा म्हणतो. ती माझ्या कानाशी येऊन म्हणायची, "जाऊबाई आकाश रंगवतात की दौत लवंडतात?" मी तोंडावर हात धरून हसायचे. त्यांना मात्र कुणी सांगितलं नाही. परदेशातल्या व्यापाऱ्याला तेच काळंनिळं आकाश आवडायला लागलं होतं आणि तो दर महिन्याला जास्त मागवत होता.

मग जाऊबाई जिन्यात दोनदा पडल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. थोरले दीर गेल्यापासून त्यांचे दवाखाने आणि कागदपत्रं मीच बघते. डॉक्टरांनी मला समजावलं, मोतीबिंदूतून निळं फिकं दिसतं, म्हणून त्या भर घालत गेल्या. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याची पुढची तारीख मिळाली. "ह्याला उशीर करू नका," डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "फार पिकलाय. डोळा हातचा जाईल."

जाऊबाई कामावर परतल्या आणि दोरीवर वाळत घातलेल्या चित्रांपुढे थबकल्या.

"अगं बाई, हे कुणी नासवलं?"

सगळ्यांनी माना आपापल्या कागदांवर घातल्या. शेवटी चिमटाच म्हणाली, "चोर बाहेरून नाही आला जाऊबाई, तुमचाच हात आहे तो."

सगळ्या हसल्या. मीही हसले.

"इतकी वर्षं? आणि तू समोर बसून बघत होतीस?" त्यांनी मला विचारलं. मी होडीतल्या माणसाची टोपी रंगवत राहिले.

त्या दिवशी त्यांनी मूळ चित्र खिडकीपाशी नेलं आणि तसंच्या तसं आकाश काढलं. वर निळं, मग त्याचा नुसता श्वास, मग काहीच नाही. "बघ गं," त्या मला म्हणाल्या, "खाली कागद पांढरा सोडायचा असतो. पांढरं पांढरं दिसतंय मला."

वीस चित्रं त्या व्यापाऱ्याकडे गेली आणि वीसच्या वीस परत आली. मालक ती गुंडाळी घेऊन वर आले.

"बाई, त्याला रात्र हवी होती, तुम्ही सकाळ पाठवलीत."

"मालक, मुळात असंच आहे."

"मुळाला घेऊन काय चाटायचंय? पुढची खेप अशी गेली तर चारही टेबलं बंद. मशीन छापून देतं, ते आजारीही पडत नाही."

आमच्या घरात पाच तोंडं आणि कमावणाऱ्या आम्ही दोघी. जाऊबाईंनी मुद्दाम गडद करायचा प्रयत्न केला. पण आता पुरे झालं हे डोळ्याला कळत होतं आणि हात मध्येच थांबत होता. मग दुसरी ओढ, मग डाग. अकरा कागद टोपलीत गेले. चिमटा म्हणाली, "डोळा आला आणि हात गेला."

तेव्हा मीच म्हणाले, "जाऊबाई, उजवा डोळा मिटून बघा ना."

पण मिटलेला डोळा आपोआप उघडायचा. मग मी कापसाची घडी करून वरून चिकटपट्टी लावली. पहिलंच आकाश असं उतरलं की मालकांनी टाळी वाजवली. "वा! आता दुसऱ्या डोळ्याची घाई नको हं बाई. देवानं एक दिलाय ना चांगला?"

जाऊबाई हसल्या नाहीत. घरी जाताना म्हणाल्या, "गुरुवारी डावा करून घेते. मग जे व्हायचं ते होऊ दे. मला दोन्हींनी बघायचंय."

मी "बरं" म्हणाले.

बुधवारी दुपारी मी दवाखान्याच्या खिडकीवर गेले आणि गुरुवारच्या यादीतून त्यांचं नाव काढून टाकायला सांगितलं. आतल्या बाईनं विचारलं, "पुढची कुठली देऊ?"

"आम्ही कळवू," मी म्हणाले.

गुरुवारी जाऊबाई पहाटेच उठून तयार होत्या. उपाशीपोटी यायला सांगितलेलं, म्हणून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. धुतलेली ओढणी, केस घट्ट बांधलेले. मी चपला घालता घालता सांगितलं, "डॉक्टर गावाला गेलेत म्हणे. निरोप आला."

"कधी येणार?"

"ते नाही सांगितलं."

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, चांगल्या डोळ्यानं. त्या डोळ्याला आता सगळं स्वच्छ दिसतं. मला वाटलं, आता बोलतील.

"मग मी काही खाऊन घेऊ?" त्यांनी विचारलं.

"घ्या ना."

उभ्यानंच त्यांनी रात्रीची पोळी चहात बुडवून खाल्ली. आम्ही नेहमीच्या वेळेला कारखान्यात पोहोचलो. दुसऱ्या टेबलावर रेघा गिरवलेल्या कागदांची चळत येऊन पडली होती. जाऊबाईंनी ब्रश भिजवला, स्टूल पुढे ओढलं आणि माझ्याकडे तोंड केलं. मी कापूस ठेवून पट्टी लावली.

"घट्ट लाव," त्या म्हणाल्या. "फट राहिली की पांढरं दिसतं."