लाल पेनानं खोडलेला आकडा

छायाताईंचा त्या मशीनवर राग होता. बारा वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून त्यांनी पेशी मोजल्या, आणि लॅबच्या डॉक्टरांनी गेल्या महिन्यात हा ठोकळा आणून बसवला. रक्ताची नळी धरली की मिनिटाभरात सगळे आकडे छापून मोकळा. छायाताई ते आकडे स्लाइडशी ताडून बघत. चूक सापडली की लाल पेनानं खोडताना त्यांना कसं बरं वाटे.

सकाळी हरसूलची हर्षाली सासूबरोबर आली होती. सातवा महिना, आणि चार दिवस हुडहुडी भरून ताप. ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी मशीननं सोळा टक्के दाखवल्या, स्लाइडवर जेमतेम दोन. छायाताईंनी सोळा खोडून दोन केले, बाहेर गर्दी होती म्हणून स्लाइड भरभर चाळली आणि ‘मलेरिया नाही’ असं लिहून दिलं.

दुपारी डबा उघडला, पण लक्ष त्या खोडलेल्या सोळावरच होतं. सकाळपासून तेवीस नळ्या झाल्या, बावीस जणांचे आकडे जुळले. मग या एकाच पोरीच्या वेळी मशीनला काय धाड भरली होती? त्यांनी नळी पुन्हा लावली. पुन्हा सोळाच.

आता छायाताई ती स्लाइड सावकाश बघत बसल्या. पांढऱ्या पेशींच्या पोटात बारीक काळपट कण होते. मलेरियाच्या जंतूंनी मागे टाकलेला तो कचरा, त्यानंच मशीन फसलं होतं आणि या पेशी ॲलर्जीतल्या समजून बसलं होतं. पुढं कितीतरी वेळानं एका तांबड्या पेशीत अंगठीच्या आकाराचा जंतू स्पष्ट दिसला. पोटातल्या लेकराचं काय होईल?

हरसूलची गाडी दीडची. त्या ॲप्रनवरच स्टँडकडे पळाल्या. गाडी सुरू झाली होती. खिडकीत सासू, लंकाबाई, बसलेली दिसली.

“मावशी, उतरा. हिला मलेरिया आहे.”

“मघाशी तर नाय म्हनले. मशीन बिघडलं का तुमचं?”

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. छायाताईंना क्षणभर तसा मोह झालाही.

“मशीन काहीतरी सांगत होतं. मीच खोडलं. चूक माझी.”

लंकाबाईनं पिशवीतून कागद काढला. वाचता येत नव्हतं, तिनं लाल रेघेवर अंगठा ठेवला. “ह्ये का?”

“तेच.”

“ऊठ गं पोरी,” ती सुनेला म्हणाली.

पायरीवरून उतरताना हर्षालीनं आधारासाठी हात पुढं केला. छायाताईंनी तो धरला. चटका बसावा इतका तापला होता.