टेस्टपुरती उभी राहा

कॅलेंडरवाला म्हणूनच त्याला सगळे ओळखत. बारा महिन्यांची बारा चित्रं, दरवर्षी नवी. त्यापायी वीस वर्षं तो बहर, दव आणि पानगळीच्या मागे गावोगाव हिंडला. बायको बरोबर असायचीच. तिचं काम एकच: झाडाखाली जाऊन उभं राहायचं, म्हणजे त्याला उजेडाचा नि अंतराचा अंदाज यायचा. याला दोघं ‘टेस्ट’ म्हणत. टेस्ट झाली की तो ‘हं!’ म्हणायचा, ती तुरुतुरु बाजूला व्हायची आणि मग खरा फोटो. संध्याकाळी लॉजवर चहा पिता पिता तो टेस्टचे सगळे फोटो पुसून टाकायचा. उगाच पसारा कशाला? मोठा शिस्तीचा माणूस!

यंदा तिचे गुडघे कुरकुरायला लागले. हा एवढा प्रवास करा, पुढे चढउतार बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. निघायच्या आदल्या दिवशी लेकीचा फोन आला.

“बाबा, प्रवासातला आईचा एक छान फोटो पाठवा ना. मोठा करून भिंतीवर लावते.”

“एक काय घेऊन बसलीस, शंभर घे!” तो ऐटीत म्हणाला.

आणि शोधायला बसला तेव्हा त्याला घाम फुटला. झाडं हजारो, तळी शेकडो, बायको कुठेच नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात; इथे तर त्याने कळसा रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने पुसला होता. त्याला लाज वाटली. रडूही आलं, पण ते त्याने सर्दीवर ढकललं.

टेकडीवर ती बसत-उठत चढली. वरचं झाड पिवळंधमक झालं होतं, वाऱ्यासरशी पानं गळत होती.

“आज तुझाच फोटो काढायचाय. चांगली हस बघू.”

“इश्श! माझं काय मेलं बघायचंय?” म्हणाली, आणि ओळखपत्रासाठी उभी राहावी तशी ताठ झाली.

“हं!” तो म्हणाला, आणि ती बाजूला. फोटोत नुसतं झाड.

“अगं, हलू नकोस!”

“मग हं कशाला म्हणता?”

दुसऱ्यांदा तो काही बोललाच नाही, तरी त्याचं बोट हललेलं बघून ती सटकली. तिसऱ्यांदा थांबली, पण डोळे घट्ट मिटून. ऊन उतरायला लागलं. तो चिडला खरा, पण चिडणार कोणावर? वीस वर्षं घोकून घेतलेलं पाच मिनिटांत कसं विसरायचं?

“राहू दे,” तो म्हणाला. “झाडाचाच काढतो. टेस्टपुरती उभी राहा.”

“तसं सांगा की!” तिचे खांदे खाली आले. ती खोडाला टेकली, गुडघा चोळला, केसांत अडकलेलं पान काढलं आणि त्याच्याकडे बघून हसली. “आटपा लवकर, थर्मासातला चहा निवतोय.”

त्याने बटण दाबलं. एकदाच. मग लेन्सवर झाकण बसवलं.

ती न सांगता बाजूला झाली होती. “घ्या आता खरा.”

“घेतला.”

“कधी? मी तर मध्येच उभी होते!”