पूस सरल्यावर

बद्रीनाथाला पाखरांचं वेड आहे हे हसनाबादात शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. ज्वारी हुरड्यावर आली की बाकीचे शेतकरी माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायचे, घसा बसेपर्यंत ओरडायचे. आणि हा गृहस्थ गोफण मांडीवर ठेवून भोरड्या कणसं कशी सोलतात ते बघत बसायचा. बायको भाकरी घेऊन आली की टोपली खाली ठेवायच्या आत तिला वर बोलवायचा. "सोनीची माय, ये जल्दी, या भोरडीची पाठ बघ, गुलाबी हाय."

तुळजाबाई कधीच वर गेली नाही. पाखरू ते पाखरू, त्यात बघायचं काय? दाणा खातं आणि उडून जातं. "लोकाची ज्वारी खळ्यात येती, आपली भोरडीच्या पोटात," एवढं बोलून ती खुरपं घ्यायची. तिचं चुकत होतं असंही नाही. घरात एकाला तरी कणसाकडे बघावंच लागतं.

पोरगी मात्र बापाच्या वळणावर गेलेली. सोनी दहा वर्षांची, एकुलती उरलेली. तिच्या वरचा मुलगा चार वर्षांपूर्वी पूस महिन्यातच गेला होता. माहेरी यात्रेला म्हणून तुळजाबाई त्याला घेऊन निघाली, वाटेत ताप भरला, आणि परत आली ती रिकाम्या हातांनी. तेव्हापासून पूस लागला की ती पोरीला उंबऱ्याबाहेर फार लांब जाऊ देत नसे.

त्या वर्षी श्रावणात सोनीलाही मोठा ताप आला. ताप उतरला, पण नजर गढूळ झाली. उंबऱ्याला ठेच लागायची, ताटातली चटणी सोडून बोटं भलतीकडेच जायची. गावठी अंजनं झाली, देवाचा अंगारा झाला. शेवटी बद्रीनाथाने तिला जालन्याहून आगगाडीत घातलं आणि थेट हैद्राबाद गाठलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरने बारीक दिवा लावून डोळ्यांत बघितलं आणि बापाला बाजूला घेतलं. डोळ्यामागच्या नसा वाळत चालल्या आहेत, साल-सहा महिने नजर राहील, पुढे इलाज नाही, असं तो म्हणाला.

बद्रीनाथाने हे बायकोला गोठ्यात सांगितलं, बैलाच्या पाठीवर हात ठेवून. सोनीला सांगायचं नाही असं दोघांचं ठरलं. त्या दिवसापासून त्याचं हसणं बंद झालं. हा माणूस हसायचा तेव्हा गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची, इतकं मोठं हसणं ते.

दिवाळी झाल्यावर तो म्हणाला, "मी तिला रान दाखवीन. डोळे हायेत तवर भरून घेऊ दे. हितून निघायचं, पूर्णा बघायची, अंबडाकडच्या माळावर हरणं बघायची, आन् शहागडाला गंगेवर जायचं. तिथं वाळूवर करकोचे उतरतात, हजारानं. लहानपणी बापानं मला दाखवले होते. मार्गशीर्षात कापूस वेचून झाला की गाडी जुपतो."

तुळजाबाई नाही म्हणाली नाही. फक्त म्हणाली, चंपाषष्ठी होऊ द्या, खंडोबाची तळी उचलू, मग निघा. चंपाषष्ठी झाली. मग म्हणाली, बाकीचं सोडा, निदान तुरी तरी झोडून घेऊ. तुरी झाल्या तेव्हा पूस तोंडावर आला होता.

"आता निघालं तर वाटंतच पूस लागंल," ती म्हणाली. "पुसात मी पोरीला गाडीत बसू देणार न्हाई. एकाला घातलं तेवढं बास झालं."

"अगं, डोळे काय पंचांग बघून जातात का?"

"महिन्यानं काय होतंय? पूस सरला की दुसऱ्या दिवशी चला, मी सोता बैल जुपते. पर आता निघाले तर सोनीच्या गळ्याची आण हाय तुमाला."

पोरीच्या गळ्याची आण घातल्यावर बाप काय करणार? महिनाभर रोज संध्याकाळी गाडीपाशी जायचा. चाकांना वंगण लावायचा, आरे ठोकायचा, छपराची चटई उसवून पुन्हा बांधायचा.

माघ लागला आणि गाडी निघाली. उभी ज्वारी शेजारच्या रखमाजीच्या भरवशावर टाकली. रखमाजीने तोंडावर हो म्हटलं आणि पाठीमागे गावभर हसला. पाखरं राखायच्या दिवसांत पाखरं बघायला निघालेला शेतकरी त्याने जन्मात पाहिला नव्हता.

गाडीत कडबा, त्यावर गोधडी, भाकऱ्यांचं गाठोडं, पाण्याची घागर. सोनी पुढे बापाला खेटून बसली, तुळजाबाई मागे. केदारखेड्याला पूर्णेच्या उतारावर बद्रीनाथाने बैल थांबवले. पाण्यावरच्या फांदीवर खंड्या बसला होता.

"दिसला का गं? निळा बघ, कसा चमकून राह्यला!"

"दिसला दादा!" सोनी टाळी वाजवून म्हणाली. "केवढा निळा!"

बद्रीनाथाचा चेहरा जरा उजळला. मग त्याने सपाटाच लावला. तारेवरचा निळ्या पंखांचा तास पक्षी, शेणाच्या पोवट्यांत चोच खुपसणारी हुदहुद, बांधावरून तुरुतुरु पळणारे तितर. जालना मागे पडलं, अंबडाकडचा माळ लागला, आणि लांब पिवळ्या गवतात काळवीट उभं राहिलं. मागे आठ-दहा हरिणी. एकाएकी सगळा कळप उधळला आणि उड्या घेत निघाला.

"दिसलं?"

"दिसलं दादा! कशा उड्या मारून राह्यलेत!"

तुळजाबाई मागे बसून भाकऱ्यांना मुंग्या लागू नयेत म्हणून गाठोडं सावरत होती. तिने काळविटाकडे बघितलं नाही. बापलेकीचं चाललंय ते बरं चाललंय, आपण अडथळा कशाला, असं तिच्या मनात होतं. आणि खरं सांगायचं तर तिला आतून बरंही वाटत होतं. महिनाभर थांबून काही बिघडलं नाही. पोरीला सगळं दिसतंय, आणि पूसही टळला. नवऱ्याला तसं बोलून दाखवायचं तिने ओठांवर आणलं होतं, पण दृष्ट लागेल म्हणून गिळलं.

अंबडाच्या पुढे एका लिंबाखाली गाडी सोडली. बद्रीनाथ बैलांना घेऊन ओढ्यावर गेला. मायलेकी सावलीत बसल्या. तुळजाबाई कांदा फोडत होती, इतक्यात घायपाताच्या कुंपणातून मुंगूस बाहेर आलं.

"सोने, मुंगूस!" ती हळूच म्हणाली.

मुंगूस दिसल्यावर काय करायचं हे पोरांना शिकवावं लागत नाही. सोनी ताडकन उठली आणि तिने हात जोडले. "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ!"

रामाची शपथ घातली की मुंगूस थांबतंच म्हणतात. हेही थांबलं. नुसतं थांबलं नाही, वळलं, मागच्या दोन पायांवर उभं राहिलं आणि सोनीच्या तोंडाकडे टकमक बघू लागलं. चार हातांवर असेल. त्याचं गुलाबी नाक हलत होतं ते तुळजाबाईला बसल्या जागेवरून दिसत होतं.

"मुंगसा मुंगसा तोंड दाखव," सोनी म्हणत राहिली. "तुला रामाची शपथ. दाखव की रे!"

मुंगूस बघतच होतं. बराच वेळ बघितलं त्याने. मग खाली झालं आणि गवतात निघून गेलं. सोनी त्या मोकळ्या जागेला हात जोडून विनवत होती.

"लई हट्टी हाय गं माय," ती शेवटी म्हणाली. "तोंडच दाखवीना."

तुळजाबाईच्या हातातला कांदा खाली पडला. ती उठली, पोरीच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि तिने काही न बोलता आपला पंजा तिच्या डोळ्यांपुढून फिरवला. पापणी हलली नाही. आई अजून लिंबाच्या बुडाशीच आहे असं समजून सोनी तिकडे तोंड करून हसत होती.

"सोने," ती म्हणाली, आणि पोर दचकली. आवाज भलतीकडून आला होता.

मग सोनीने चाचपत आईचा पदर धरला. "दादाला सांगू नको."

"काहीच दिसत न्हाई?"

"उजेड दिसतो. ऊन असलं की सावली दिसती. पुसट पुसट."

"मंग तो खंड्या? हरणं?"

"दादा सांगतात ना. निळा म्हणले की मी केवढा निळा म्हणती. हरणाचे पाय वाजले ते ऐकू आल्ते."

तुळजाबाईला पुढचं विचारायचं नव्हतं. विचारल्यावाचून राहवेनाही. "कवापासून गं?"

सोनी आठवू लागली. "चंपाषष्ठीला तळी उचलली ना, तवा भंडारा दिसला होता. पिवळा पिवळा. तुरी झोडताना बी थोडं दिसायचं. मंग संकरातीला तू तीळ निवडायला दिले, ते मला दिसलेच न्हाईत. मी बोटानंच निवडले."

"आन् बोलली न्हाईस?"

"दादा रोज गाडीला वंगण लावून राह्यले होते. त्यांना लई हौस आल्ती."

तुळजाबाईने बोटांवर दिवस मोजले. थोरल्याला पुसाने नेला म्हणून धाकटीला तिने पुसापासून दडवून ठेवलं होतं. दार लावून, उंबऱ्याच्या आत, स्वतःच्या डोळ्यांदेखत. आणि पुसाने घरात येऊन हवं ते नेलं होतं. एक महिना. खंड्या, हरणं, गंगा, सगळं त्या एका महिन्यात बसलं असतं. आण घालणारी तीच, आणि पोरीच्या गळ्याची आण घालून पोरीचंच वाटोळं करणारीही तीच. तिला आपल्या तोंडात माती घालावीशी वाटली.

ओढ्याकडून बैलांच्या घंटा ऐकू आल्या. सोनीने पदर सोडला आणि नीट बसून घेतलं. बद्रीनाथ येऊन म्हणाला, "काय गं, चेहरा का असा?"

"कांदा," तुळजाबाई म्हणाली.

वडीगोद्रीला मुक्काम झाला. वाटेत बद्रीनाथ दाखवत होता आणि सोनी दिसलं म्हणत होती. आता त्यातलं प्रत्येक 'दिसलं' तुळजाबाईला सुईसारखं टोचत होतं. सांगावं की न सांगावं? सांगितलं तर हा माणूस वाटेतच मोडून पडेल, आणि महिना कुणी घालवला हेही त्याला विचारावं लागणार नाही. न सांगितलं तर पोर एकटी किती दिवस हे ओढणार? रात्रभर तिने कूस बदलली. सकाळी ठरवलं, गंगा आली की सांगायचं. पाखरं दाखवायच्या आत सांगायचं, म्हणजे निदान तेवढं तरी खोटं होणार नाही.

शहागडला गंगेच्या काठावर गाडी लागली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. पाणी आटून मध्ये वाळूचं मोठं बेट झालं होतं, आणि त्यावर वाळू दिसतच नव्हती. सगळीकडे करकोचे. हरभऱ्याच्या शेतांत चरून दुपारच्या विसाव्याला येऊन उभे राहिलेले. त्यांच्या गळ्यांतला तो घोगरा आवाज नदीभर पसरला होता.

बद्रीनाथ धोतर सावरत पुढे धावला आणि दरडीवर उकिडवा बसला. बोलायचंही विसरला. तुळजाबाई पोरीचा हात धरून त्याच्या मागे येऊन थांबली. आता सांगायचं म्हणून तिने श्वास घेतला.

"माय," सोनी तिच्या कानाशी कुजबुजली. "कसे हायेत गं?"

तुळजाबाईने जन्मात कधी पाखराकडे बघितलं नव्हतं. आता बघितलं. पहिल्यांदा तिला नुसती गर्दी दिसली. मग एकच धरला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"उंच हायेत," ती हळू म्हणाली. "तुझ्या खांद्याला लागतील एवढे. अंग चुलीतल्या राखेसारखं. मान काळी, तव्याच्या बुडासारखी. आन् कानामागं पांढरी पिसं हायेत, वाती वळून ठेवल्यावानी. एका पायावर उभा हाय एक. आता मान पाठीत घातली."

"सोने!" बद्रीनाथाने मान वळवली. त्याच्या आवाजात धाकधूक होती, परीक्षेच्या वेळी असते तशी. "दिसले का गं?"

"दिसले की दादा! राखेच्या रंगाचे. मान तव्याच्या बुडावानी काळी, आन् कानामागं पांढऱ्या वाती. त्यो एक बघा, एका पायावर उभा हाय, मान पाठीत घालून."

बद्रीनाथाने झटकन नदीकडे बघितलं. तो एक होता, एका पायावर, मान पाठीत घालून. बद्रीनाथ उठून उभा राहिला. आणि मग तो हसला. श्रावणापासून दाबून ठेवलेलं ते हसणं एवढ्या जोराने बाहेर पडलं की बेटाच्या कडेचे करकोचे फडफडून दहा पावलं मागे सरले.

"ऐकलं का, सोनीची माय? कानामागच्या वाती! मला बी एवढ्या लांबून बराबर दिसत न्हाईत. त्या डागदरला काय कळतंय? बिलकुल साफ नजर हाय पोरीची. खंडोबा पावला बघ! आता पुढच्या साली हिला अजिंठ्याच्या डोंगरात नेतो, वाघ दाखवितो."

तुळजाबाईने तोंड उघडलं. सोनीची बोटं तिच्या मनगटात रुतली.

"हो," ती म्हणाली. "लई तिखट नजर हाय तिची."

बद्रीनाथ डोळे पुसत, हसत बैल सोडायला गेला. मायलेकी दरडीवर राहिल्या. वाळूवर काहीतरी हाललं, पंखांचा आवाज उठला आणि पुन्हा बसला.

"आता काय करून राह्यलेत गं?" सोनीने विचारलं. उत्तर आलं नाही तशी तिने आईचा चेहरा चाचपला आणि हात ओला झाला. "रडू नको माय. रडलीस तर तुला बी दिसायचं न्हाई."

तुळजाबाईने पदराने डोळे कोरडे केले आणि पुन्हा वाळूकडे बघायला लागली.